फिजिक्स कॉन्फरन्सच्या आयोजकांना खुलं पत्र : लोकांना शेवटच्या संध्याकाळी बोलवू नका

आयोजक समितीतल्या सर्व सर आणि मॅडम,

नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही, पण माझा हात तुम्ही नक्की पाहिलाय. निळा जाड ग्लोव्ह घातलेला, लिक्विड नायट्रोजन ओतणारा, खाली पांढरा धूर आणि मागे आ वासून उभी असलेली पोरं, असा एक फोटो तुमच्या अहवालात दरवेळी असतो ना, त्यातला हात माझा, किंवा माझ्यासारख्याच कुणाचा तरी. (आणि तो धूर नसतो हो, हवेतलंच बाष्प थंड होऊन झालेलं धुकं असतं, पण फोटोखाली कायम धूर असंच छापतात.) मी प्रयोगशाळा सहायक आहे. पीएचडी नाही, पेपर नाही, गळ्यातल्या बॅजवर नावाच्या जागी नुसतं व्हॉलंटियर. दहा-बारा वर्षं झाली, कॉन्फरन्स आली की लोकांसाठीच्या कार्यक्रमाचं सामान बांधायचं, लावायचं, दाखवायचं, काय काय फुटलं ते मोजायचं आणि उरलेलं परत न्यायचं, हे सगळं माझ्याकडे असतं आणि मला ते मनापासून आवडतं, म्हणूनच लिहितेय. रागाने नाही. म्हणजे थोडा आहे राग, तो दिसेलच पुढे.

सांगायचंय ते एवढंच की लोकांचा कार्यक्रम कॉन्फरन्सच्या शेपटाला बांधू नका. सुरुवातीलाच घ्या, आणि लोक जे विचारतात ते आत तुमच्या हॉलपर्यंत पोचू द्या.

सध्या काय होतं ते तुम्ही पाहिलेलं नसणार, कारण तुम्ही तेव्हा तिथे नसता. शेवटच्या दिवशीची संध्याकाळ. आत आभारप्रदर्शन उरकलेलं, मंडळी ट्रॉली बॅगा ओढत टॅक्सी शोधतायत, बॅनर उतरवणारे शिडी घेऊन येऊन उभे राहिलेत, आणि नेमक्या त्याच वेळी बाजूच्या दाराने पब्लिक आत येतं. आईवडील, शाळेची मुलं, एकटेच आलेले रिटायर्ड लोक. टेबलांवर कोण, तर मी आणि सारखे टी-शर्ट घातलेली सात-आठ पोरंपोरी, ज्यांच्या हातात सकाळीच एक कागद टेकवलाय, कुठे काय बोलायचं त्याचा. चार दिवस या इमारतीत फिजिक्समधली शेकडो डोकी फिरत होती, आणि लोक आले तेव्हा त्यातलं एकही नाही. लग्नाला बोलावून मांडवाचे बांबू दाखवल्यासारखं झालं हे.

एक प्रसंग सांगते, बरीच वर्षं डोक्यात बसलाय.

माझ्या आवडीचा प्रयोग म्हणजे तांब्याची नळी. नळी एक मीटर लांब, उभी धरायची. आधी दाखवायचं की तांब्याला मॅग्नेट चिकटत नाही. मग वरून लोखंडाचा साधा तुकडा सोडायचा, तो अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येतो. मग तेवढ्याच आकाराचा निओडिमियमचा मॅग्नेट सोडायचा, आणि तो काही येतच नाही, रमतगमत पाच-सहा सेकंदांनी खालून बाहेर पडतो. हमखास टाळ्या. आवाज नाही, धूर नाही, वीज नाही, तरी टाळ्या. त्या संध्याकाळी एक वयस्कर गृहस्थ आले, त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा मॅग्नेट मागून घेऊन स्वतः सोडला, वरून नळीत डोळा लावून पाहिलं, आणि मग काय केलं तर नळीला बाहेरून वरपासून खालपर्यंत हात लावून पाहिला. आणि म्हणाले, "गरम का नाही झाली?"

मी म्हटलं, का व्हायला पाहिजे?

तर म्हणाले, "अहो, वरून सोडला की खाली जोरात यायला हवा. हा हळू आला. मग तो जोर गेला कुठे? गाडीला ब्रेक लावला की चाक तापतं की नाही?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारचा मुलगा त्याच्या कागदाप्रमाणे म्हणाला, "काका, त्याला एडी करंट म्हणतात," (पडणाऱ्या मॅग्नेटमुळे नळीत जी वीज गोल फिरते आणि त्यालाच अडवते, ती) आणि पुढच्या माणसाच्या हातात मॅग्नेट दिला, कारण मागे रांग होती आणि आम्हाला सांगितलेलं होतं की एका टेबलावर एका माणसाला दोन मिनिटं. गृहस्थ "हो का" म्हणाले आणि गेले. पोराची काही चूक नाही, त्याने त्याला सांगितलेलं केलं. पण ते "हो का" मला अजून ऐकू येतं. माणूस ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या, म्हणजे ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते या नियमाच्या दारात येऊन उभा होता, स्वतःच्या पायाने चालत आला होता, आणि आम्ही त्याच्या हातात एक नाव ठेवून त्याला परत पाठवला.

आता गंमत बघा. हाच प्रश्न घेऊन एक माणूस तुमच्यासारख्याच एका कॉन्फरन्समध्ये गेला होता. जेम्स ज्यूल. प्राध्यापक नव्हता, घरचा बिअर बनवण्याचा कारखाना. वायरची गुंडाळी मॅग्नेटजवळ फिरवायला जे कष्ट पडतात त्यातून किती उष्णता निघते हे त्याने मोजलं, म्हणजे आमच्या नळीचीच गोष्ट की, आणि १८४३ साली आयर्लंडमधल्या कॉर्कला ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या सभेत ते मांडलं. कुणी फारसं लक्षच दिलं नाही. १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत परत आला, तिथे त्याला थोडक्यात आटपायला सांगितलं गेलं. पण त्या दिवशी ऐकणाऱ्यांत विल्यम थॉमसन नावाचा विशीतला एक तरुण होता, पुढे लॉर्ड केल्विन म्हणून माहीत झालेला, त्याला हे खटकलं, भावलं, त्याने विषय सोडला नाही आणि तिथून गोष्टी हलल्या. ज्यूलच्या नावाचं एकक आज शाळेतली पोरं घोकतात. पूर्ण सभेत एक माणूस नीट ऐकणारा निघाला तरी पुरलं. आमच्या टेबलाशी तो एकही नव्हता, टॅक्सीत होता.

मला माहितीय तुम्ही म्हणाल की बाई, प्रत्येक आजोबा ज्यूल नसतात. नसतातच. बहुतेक प्रश्न ब्लॅक होल आपल्याला गिळेल का, एलियन आहेत का, असेच येतात. आणि फाईलवाले काका तर प्रत्येक कार्यक्रमाला एक असतातच, आइन्स्टाइन कुठे चुकला ते चाळीस पानांत लिहून आणलेलं, झेरॉक्ससकट. त्यांच्यात अर्धा तास जातो हे मान्य. पण मी इतकी वर्षं उभी राहून सांगते, दर संध्याकाळी दोन-तीन प्रश्न असे येतातच की टी-शर्टवाल्या पोराला झेपत नाहीत आणि मलाही नाहीत, आणि ते प्रश्न त्याच रात्री झाडूबरोबर निघून जातात.

दुसरं, दाखवण्याची पद्धत. तुम्हाला धडामधुडुम हवं असतं. फूल गोठवून आपटायचं, फुगा नायट्रोजनमध्ये आकसवायचा, टेस्ला कॉइलच्या ठिणग्यांवर गाणं वाजवायचं. मी करते ते सगळं, मजा येते, नाही कशाला म्हणू. पण हार्वर्डला एरिक माझुर यांच्या ग्रुपने वर्गातल्या प्रयोगांवर अभ्यास केला होता, २००४ मध्ये आला तो, त्यात दिसलं की ज्या विद्यार्थ्यांनी प्रयोग नुसता पाहिला त्यांना तो न पाहिलेल्यांपेक्षा जेमतेमच जास्त समजला होता, आणि ज्यांना आधी विचारलं की सांगा आता काय होईल, त्यांना मात्र चांगलाच फरक पडला. एवढंच करायचं असतं हो. मॅग्नेट सोडायच्या आधी विचारायचं, आधी कोण येईल खाली, लोखंड की मॅग्नेट? पैज लावा. माणसाने एकदा तोंडाने उत्तर दिलं की तो अडकला, मग चुकल्यावर त्याला कारण हवंच असतं, कारण घेतल्याशिवाय तो टेबल सोडत नाही. पण यात वेळ जातो. दोन मिनिटांत होत नाही. आणि तुमच्या अहवालात संख्या लागते, म्हणून दारात माझ्या हातात ते मोजायचं क्लिकर देता, प्रत्येक डोक्यामागे एक टिक. मी एकदा एकाच मुलीला चार वेळा मोजलंय कारण ती चार वेळा परत आली होती, तुमच्या हिशोबात ती चार माणसं झाली, माझ्या मते तर आख्ख्या संध्याकाळची ती एकच खरी मोजणी होती.

टेबलं कमी करा. पंचवीस टेबलं दोन तासांत म्हणजे जत्रा. मायकेल फॅरडेने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर नुसत्या एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती, १८६०-६१ च्या नाताळात. सहा, एका मेणबत्तीवर. आणि हा फॅरडे आला कुठून, तर बुकबाइंडरकडे काम शिकणारा पोरगा, कुणीतरी हम्फ्री डेव्ही या नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली म्हणून १८१२ मध्ये जाऊन बसला, टिपणं काढली, ती बांधून डेव्हीला पाठवली आणि पुढच्या वर्षी तिथेच सहायक म्हणून लागला. प्रयोगशाळा सहायक! मी हे जरा जास्तच वेळा सांगते असं आमच्या लॅबमधले म्हणतात, पण सांगणार. लोकांसाठीच्या व्याख्यानाला आलेल्या एका पोराने पुढे वीज निर्माण करायची रीतच बदलून टाकली, आणि ते व्याख्यान द्यायला डेव्ही स्वतः उभा होता, त्याने काही त्याच्या ज्युनियरला कागद देऊन पाठवलं नव्हतं.

तुम्ही लोक खरं तर मुळात असे रुक्ष नाही आहात हे मला माहितीय. १८ मार्च १९८७ ला न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय झालं होतं? आदल्या वर्षी बेडनोर्झ आणि म्युलर यांनी नवीन प्रकारचा सुपरकंडक्टर, म्हणजे पुरेसा थंड केला की विजेला अजिबात अडथळा न करणारा पदार्थ, शोधलेला, त्यानंतर काही महिन्यांत लिक्विड नायट्रोजनच्या तापमानाला चालणारा सापडला, आणि त्या रात्री फिजिक्सवाले खुर्च्यांवर, जमिनीवर, पायऱ्यांवर बसले, आत जागा नाही म्हणून बाहेर टीव्हीच्या पडद्यांसमोर उभे राहिले आणि पहाटे तीन वाजून गेले तरी एकामागून एक ऐकत होते. ही खरी जत्रा! लोकांना हे दाखवा ना. मी टेबलावर तो सुपरकंडक्टर मॅग्नेटवर तरंगत ठेवते, साधारण उणे १८० अंशाच्या खाली गेला की तो काम करतो, नायट्रोजन उणे १९६, म्हणजे सोळा अंशांची काय ती सवलत. लोक विचारतात हा उलटा केला तरी पडत का नाही, आणि बोर्डवर कायम लिहिलेलं असतं माइस्नर इफेक्ट (सुपरकंडक्टर चुंबकीय क्षेत्र स्वतःबाहेर ढकलतो, ते), आणि ते अर्धवट आहे, नुसता माइस्नर असता तर तो तरंगला असता पण उलटा टांगल्यावर राहिला नसता, तिथे चुंबकीय रेषा त्या मटेरियलमध्ये जागोजागी अडकून बसतात म्हणून तो जिथे ठेवला तिथेच खिळतो. हे मी दर वर्षी पेनने बोर्डवर दुरुस्त करते आणि दर वर्षी नवीन बोर्ड तोच छापून येतो. तुमच्यापैकी कुणी एकदा जरी टेबलाशी आला असता तर एका मिनिटात सापडलं असतं.

एकदा आला होता एक जण. चुकून. थिअरीवाले सर, बाहेर पडायचा रस्ता शोधत होते आणि क्लाउड चेंबरच्या टेबलाशी थबकले. काचेची पेटी, वर अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फेल्ट, खाली ड्राय आइस, आत काळ्या पत्र्यावर धुक्याच्या बारीक रेघा उमटतात आणि विरतात, त्यातल्या बऱ्याच वरून येणाऱ्या म्युऑनच्या, म्हणजे अवकाशातले किरण वातावरणावर आदळून तयार होणाऱ्या सूक्ष्म कणांच्या. (हिला गार व्हायला पंधरा मिनिटं तरी द्यावी लागतात, घाईच्या कार्यक्रमात ती नेहमी फेल जाते आणि लोकांना वाटतं बिघडलीय.) त्यांनी आयुष्यभर कागदावर म्युऑन लिहिलेले, इतका वेळ उभं राहून बघितले नव्हते म्हणाले. बॅग खाली ठेवली. शेजारी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी होती, तिने विचारलं हे आत्ता माझ्यातून पण जातंय का, तर ते म्हणाले हो, हात आडवा धर, या तळव्यातून दर सेकंदाला एखाद-दुसरा जातोच. मग त्यांनी तिला सांगितलं की हे साधारण पंधरा किलोमीटर वर तयार होतात आणि सरासरी सेकंदाचे दोन दशलक्षांश भागच जगतात, तेवढ्यात प्रकाशाच्या वेगाने पळाले तरी सहा-सातशे मीटरच जाता यायला हवं, मग इथे पोचले कसे? वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ आपल्या हिशोबात हळू चालतं म्हणून. ती म्हणाली, बरं, पण मग मला कळत का नाही जाताना? आणि सर गप्प झाले. म्हणाले थांब, मला नीट विचार करू दे. आणि खरंच केला, चांगला अर्धा मिनिट, वर छताकडे बघत, आजूबाजूला वीसेक माणसं एकदम शांत. मग म्हणाले की तो जाताना शरीरात इतकी थोडी ऊर्जा सोडतो की त्वचेतल्या नसांना काही जाणवायला त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त लागेल, नक्की किती पट ते मी मोजून सांगतो, आणि तिकिटाच्या मागच्या बाजूला मोजायला बसले. दीड तास थांबले. विमान गेलं की मिळालं मला माहीत नाही.

फिजिक्सचा माणूस विचार करताना कसा दिसतो हे त्या वीस जणांनी पाहिलं. माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात भारी प्रयोग तोच होता, आणि त्याला ना नायट्रोजन लागला ना कागद.

तर मागणं काय. पहिला दिवस नको असेल, रजिस्ट्रेशनची रांग, सिक्युरिटी वगैरे असते ते मला कळतं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी घ्या, पण आत कॉन्फरन्स चालू असताना घ्या. पोस्टर सेशन, म्हणजे आपलं संशोधन बोर्डवर लावून शेजारी उभं राहायची वेळ, असतंच, बोर्ड उभेच असतात, माणसं पोस्टरसमोर कंटाळून फोन बघत असतात, त्यातला एक तास दार उघडा आणि पब्लिकला सोडा. ज्याला आपलं पोस्टर शिंप्याला, रिक्षावाल्याला, सातवीतल्या पोराला सांगता येत नाही त्याला तेव्हा कळेल तरी. प्रत्येक टेबलावर एक वही ठेवा, आम्हाला न आलेले प्रश्न त्यात लिहू, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या व्याख्यानाआधी दहा मिनिटं त्यातले चार प्रश्न स्टेजवर वाचा, ज्याला येतंय त्याने उत्तर द्यावं, ज्यांनी विचारले त्यांना त्या दहा मिनिटांसाठी आत बसवा. पाहुण्यांचा सत्कार होतो तेवढ्या वेळात होईल.

आणि नायट्रोजनची खोली. हे भांडण मी दरवेळी करते म्हणून इथेही लिहिते. खिडकी नसलेली खोली देऊ नका. एक लिटर नायट्रोजन उकळला की सुमारे सातशे लिटर वायू होतो आणि तो ऑक्सिजनला बाजूला सारतो, वास नाही, रंग नाही, माणसाला कळतही नाही. आणि तो भरलेला कॅन लिफ्टमध्ये माणसांबरोबर पाठवायचा नसतो, कितीही घाई असली तरी, गेल्या खेपेला मी जिन्यात अडून बसले तर मलाच हट्टी ठरवलं.

त्या आजोबांचं उत्तर मी नंतर काढलं. मॅग्नेट वीस ग्रॅमचा, पडला एक मीटर, म्हणजे ऊर्जा जवळपास ०.२ ज्यूल. नळी अर्धा किलोची, तांबं. सगळी उष्णता नळीतच राहिली असं धरलं तरी तापमान वाढतं साधारण एक हजारांश अंश. हाताला काय कळणार! त्यांचं बरोबरच होतं, नळी गरम झालीच होती, फक्त मोजायला हात पुरत नव्हता. पुढच्या वेळी नळीला थर्मिस्टर (तापमानातला बारीक फरक टिपणारा छोटा सेन्सर) चिकटवून, वरून फोम गुंडाळून, स्टँडला लावून आणणार आहे (हातात धरली तर हाताच्याच उबेने वाचन चढतं, घरी करून बघितलं). शंभर वेळा मॅग्नेट सोडला तर एक दशांश अंश दिसायला हवा, थोडी उष्णता गळेल ती गळेल. शंभर वेळा सोडायला लोक लागतील, ते मिळतील, रांग असतेच.

तुमच्याकडून फक्त तीन गोष्टी हव्यात. टेबल दाराच्या वाऱ्यात नको, जवळ एक चालू प्लग ठेवा, मागच्या वेळी दोन्ही बंद निघाले होते. आणि पहिल्या मॅग्नेटपासून शंभराव्यापर्यंत तुमच्यापैकी एकाने तिथे थांबायचं.

आपली,
निळ्या ग्लोव्हवाली